वाढ खुंटलेलं कासव घरी आलं तर

तळहाताएवढं कासव, पण पुढच्या पायांची नखं लांबलचक आणि शेपूट बुडाशी जाड. हे पिल्लू नाही, वयात आलेला नर आहे. पाच-सहा वर्षं नीट पोसलेल्या लाल कानाच्या स्लायडर नराची पाठ 15 सेंटिमीटरच्या पुढे जाते, मादीची 18-20 च्या पुढे. कोणाकडून तरी घेतलेलं कासव त्या वयातही 8-10 सेंटिमीटरवर अडकलेलं असेल, तर बहुधा ते काचेच्या वाडग्यात, ट्यूबलाइटखाली आणि नुसत्या सुक्या झिंग्यांवर वाढलंय.

आधी कासव कुठलं आहे ते पाहा. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर स्लायडर, मूळ अमेरिकेतलं. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असेल किंवा पाठ मऊ, चपटी आणि पोटाखाली झडपा असतील, तर ते आपल्याकडचं रानातलं कासव आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी ठेवता येत नाही. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि ते त्यांच्या ताब्यात द्या.

पहिल्याच दिवशी दोन आकडे वहीत लिहा. वजन डिजिटल काट्यावर, खायला घालण्याआधी. लांबी फरशीवर कासव ठेवून, पुढे-मागे एकेक पुस्तक उभं करून त्यांच्यातलं सरळ अंतर. पाठीच्या गोलाईवरून टेप फिरवू नका. मग अंगठ्याने पाठीची कड हलकेच दाबा. अगदी छोट्या पिल्लाची कड थोडी लवते, पण 6-7 सेंटिमीटरनंतर ती कडकच हवी. दबत असेल, कडा वर वळल्या असतील किंवा मागचे पाय फरफटत असतील, तर हाडांत कॅल्शियम कमी आहे. पापण्या सुजून डोळे मिटलेले असतील तर अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. तोंडातून बुडबुडे येत असतील किंवा कासव एका अंगावर कलंडून तरंगत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. जवळपास पक्षी-कासवं पाहणारे डॉक्टर नसतील तर नाशिक-पुण्यापर्यंत जायची तयारी ठेवा. अ आणि ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं किंवा थेंब अंदाजाने कधीच देऊ नका. अ जास्त झालं तर कातडी सोलून निघते आणि ड जास्त झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं.

पाणी किती? पाठीच्या दर 2.5 सेंटिमीटर लांबीला साधारण 40 लिटर. म्हणजे 10 सेंटिमीटरच्या कासवाला 160 लिटरचा टप किंवा छोटा हौद. अशक्त कासवासाठी सुरुवातीला खोली कमी ठेवा, पण पाठीच्या रुंदीपेक्षा कमी नको. त्याहून उथळ पाण्यात ते उताणं पडलं तर सरळ होता येत नाही आणि बुडून मरतं. चढून बसायला विटांवर गुळगुळीत शहाबादी फरशीचा तुकडा तिरपा टेका. तो हलता कामा नये आणि त्याच्याखाली कासव अडकेल अशी फट नको. नळाचं पाणी 24 तास उघडं ठेवून वापरा. फिल्टर टपाच्या दुप्पट लिटरसाठीचा घ्या, तरी आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलाच.

आता ऊन. खानदेशात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हाडं घट्ट व्हायला लागणारे अतिनील किरण काच अडवते, त्यामुळे खिडकीतल्या टपाला ऊन लागतंय म्हणून भागत नाही. उलट बाहेर ठेवलेला उथळ टप मे महिन्यात पंधरा मिनिटांत तापतो आणि कासव त्यात भाजून निघतं. केळीचं प्लॅस्टिक क्रेट घ्या, त्यात पाण्याचा पसरट ट्रे ठेवा, अर्ध्या भागावर ओलं गोणपाट टाका आणि वरून जाळी बांधा, नाहीतर कावळा किंवा मांजर साधतंच. एप्रिल ते जूनमध्ये सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान अर्धा तास, थंडीत दहानंतर तासभर. तेवढा वेळ तिथून उठू नका. रोज जमत नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी (हेच अतिनील किरण देणारा) दिवा 25-30 सेंटिमीटर उंचीवर, रोज 10-12 तास. दिवा दिसायला चालू असला तरी सहा महिने ते वर्षभरात त्याचे किरण संपतात. बदलल्याची तारीख त्याच वहीत लिहा.

पाणी 25-27 अंशांवर हवं, बसायची जागा 32-35 वर. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं. ते टपात कधीही सोडू नका, पहाटेच भरून ठेवा. पाणी 32 च्या वर गेलं तर गोठवलेली पाण्याची बाटली तरंगत ठेवा आणि हळूहळू उतरू द्या. कुलरचा झोत थेट टपावर नको, ओल्या अंगावर सततच्या झोताने छाती भरते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली गेला की गार पाण्यात पचन थांबतं आणि पोटातलं अन्न सडतं. 100 लिटरला 100 वॉटचा थर्मोस्टॅटवाला हीटर लावा, त्याला जाळीचं वेष्टण घाला आणि पाणी बदलण्याआधी बंद करा, नाहीतर हीटरची काच तडकते.

खाण्याच्या बाबतीत घाई करू नका. वाढ भरून काढायची म्हणून दिवसातून तीनदा भरवलं तर पाठ उंचवट्यांनी भरते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि पायांच्या खोबणीतून चरबी बाहेर डोकावते. कासवांच्या खाद्याच्या गोळ्या मान सोडून नुसत्या डोक्यात मावतील इतक्याच, एक दिवसाआड. पाठ 7-8 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर रोज. सुक्या झिंग्यांची सवय एका दिवसात तुटत नाही. झिंगे भिजवलेल्या पाण्यात गोळ्या पाच मिनिटं मुरवा, पहिल्या आठवड्यात चौथा हिस्सा गोळ्या, मग निम्म्या, तीन आठवड्यांत पूर्ण. शेवग्याचा पाला, मेथी आणि किसलेला लाल भोपळा रोज थोडा टाका. कासव पहिले दहा-बारा दिवस हिरव्याकडे बघणारही नाही, तरी टाकत राहा. पालक टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. भाकरी, शेव, भात नको. केळं घरोघरी असलं तरी त्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त आहे आणि या कासवाला नेमकं उलटं हवंय. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेन (कटलफिशचं हाड) आणा, पाठीमागची कडक पापडी सोलून काढा आणि पांढऱ्या भागाचा तुकडा पाण्यात तरंगत ठेवा. हवं तेवढं ते स्वतःच कुरतडतं.

टपाचं पाणी मोरीत ओता, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. हात साबणाने धुवा आणि पाच वर्षांखालच्या मुलांना कासव हाताळू देऊ नका, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू निरोगी दिसणाऱ्या कासवातही असतो.

वजन आठवड्यातून एकदा, लांबी महिन्यातून एकदा. शंभर ग्रॅमच्या कासवाने आठवड्याला दोन-तीन ग्रॅम धरले तर ते चांगलं चाललंय. वजन वाढतंय पण लांबी महिनोनमहिने तीच, तर खाणं कमी करा आणि ऊन तपासा. खवल्यांच्या मधल्या सांध्यात फिकट, गुळगुळीत रेघ दिसू लागली की नवी वाढ सुरू झाली. जुने उंचवटे, वळलेल्या कडा तशाच राहतात आणि हरवलेले सेंटिमीटर सगळे परत येत नाहीत, पण कवच कडक झालं तर असं कासव पुढे वीस वर्षंही जगू शकतं.

सांभाळणं जमेना तर ते जळगावच्या मेहरूण तलावात किंवा गिरणा नदीत सोडू नका. परक्या मुलखातली ही जात आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा बळकावते. दुसऱ्या घरी द्या, आणि देताना टप, दिवा, हीटर याबरोबर ती वहीही द्या.