बसऱ्याला गेलेला पणजोबा शोधायचा तर आधी ट्रंक उघडा

‘पणजोबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून इराकमधल्या बसऱ्याला गेला, परत आलाच नाही’, घरात एवढंच माहीत असेल तर नावावरून शोध सुरू करू नका. आधी जुन्या ट्रंकेत, देवघरात पदक मिळतंय का पाहा. एका बाजूला इंग्लंडचा राजा पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. ते चिंचेने घासू नका! भिंगाखाली त्याची कड हळूहळू फिरवा. तिथे इंग्रजीत शिपाई क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक चांदीऐवजी ब्राँझचं असेल, तर ते बहुधा हमाल, खेचरवाले अशा बिनलढाऊ माणसाचं. त्यांचंही मरण तितकंच मोठं होतं.

मग युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक आणि पलटणीने शोधा. नावावर विसंबू नका, कारण साहेबाच्या कारकुनाने पवारचा ‘पोवार’ केलेला असतो, कधी आडनावच गाळलेलं असतं. नोंदीत बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव, तालुका सापडतो. खात्री तिथेच पटते.

पलटण १०३, ११० किंवा ११७ मराठा निघाली, तर मृत्यूची तारीख नीट बघा. २९ एप्रिल १९१६ ला इराकमधलं वेढ्यात सापडलेलं कुत हे गाव पडलं आणि या पलटणींचे शिपाई तुर्कांचे कैदी झाले. त्यानंतरची तारीख म्हणजे कदाचित कैदेतलं मरण.

या युद्धात मेलेल्यांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकाच्या फोटोत नाव दिसलं नाही तर खचू नका. हिंदुस्थानी शिपायांची नावं तिथे कोरलीच नव्हती, फक्त संख्या कोरली. हे मला आजही सहन होत नाही.