टीएसडीसी: फिल्म, पिकोअँपिअर आणि नागपूरचा कूलर

पॉलिमरवर पीएचडी करायला नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसवर येणाऱ्यांना टीएसडीसी (थर्मली स्टिम्युलेटेड डिस्चार्ज करंट), म्हणजे फिल्म तापवून तिच्यात साठलेल्या भाराचा प्रवाह मोजणं, हे आलेख काढायचं सोपं काम वाटतं. कागदावर सोपंच आहे. पीएमएमए या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकच्या फिल्मला दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रोड लावायचे आणि ती १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. हिचं काचसंक्रमण, म्हणजे कडक प्लास्टिक मऊ पडू लागतं ते तापमान, १०५ अंशांच्या आसपास, त्यामुळे साखळ्या सैल झालेल्या असतात. मग व्होल्टेज द्यायचं आणि ते चालू ठेवूनच थंड करायचं. विद्युतक्षेत्राच्या दिशेने वळलेले द्विध्रुव (एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण भार असलेले रेणूंचे भाग) तिथेच गोठतात, शिरलेले भार सापळ्यांत अडकतात. भार धरून ठेवणारी फिल्म, म्हणजे इलेक्ट्रेट, तयार! व्होल्टेज काढून, शॉर्ट करून, एकसारख्या वेगाने पुन्हा तापवलं की साठलेलं सुटू लागतं आणि बाहेरच्या मंडलात प्रवाह येतो. तापमानाविरुद्ध त्याचा आलेख काढला की शिखरं दिसतात.

हा प्रवाह बरेचदा पिकोअँपिअरच्या (अँपिअरच्या लाख कोटीव्या भागाच्या) घरात असतो. केबल नुसती हलली तरी रीडिंग उड्या मारतं. पण खरी मेहनत फिल्मची. पीएमएमए क्लोरोफॉर्म या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून पेट्री डिशमध्ये ओतायचं आणि सॉल्व्हंट उडू द्यायचा. पावसाळ्यात क्लोरोफॉर्म उडताना फिल्मचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि फिल्म दुधाळ होते. मे महिन्यात हवा कोरडी, पण ४५ अंशांत सॉल्व्हंट इतक्या घाईने उडतो की फिल्ममध्ये बुडबुडे राहतात. पेट्री डिश झाकून ठेवा. आणि कृपा करून त्या खोलीत कूलर लावू नका! तो ओलीच हवा फेकतो. उरलेला सॉल्व्हंट व्हॅक्यूम ओव्हनमध्ये नीट काढला नाही, तर काचसंक्रमण खाली येतं, शिखरही खाली सरकतं, आणि तुम्ही त्याला नवा शोध समजता.

शिखराला नाव देण्याची घाई मला अजिबात आवडत नाही. आधी क्षेत्र बदलून पाहा. द्विध्रुवांचं शिखर क्षेत्राच्या प्रमाणात वाढतं, जागा सोडत नाही. अडकलेल्या भारांचं सहसा इतकं शहाण्यासारखं वागत नाही. इलेक्ट्रोडचा धातू बदलला तरी ते बदलू शकतं.

‘याचा उपयोग काय?’ हे घरचे विचारतीलच. १९६२ मध्ये सेस्लर आणि वेस्ट यांनी बेल लॅब्समध्ये केलेला फॉइल इलेक्ट्रेट मायक्रोफोन सांगा, नाहीतर एन-९५ मास्कमधला भारित पॉलिप्रॉपिलिनचा थर. तेवढ्याने भागतं.

गाईडला मात्र पहिल्या आलेखाबरोबर ध्रुवीकरण न केलेल्या, म्हणजे व्होल्टेज न दिलेल्या, फिल्मचा आलेखही दाखवा. तो नसेल तर पुढची चर्चा होत नाही.