डेटाबेसच्या फाइली चुकून उडू नयेत म्हणून

डेटाबेसच्या महत्त्वाच्या फाइली अनेकदा डिस्क भरल्यावर, जागा करण्याच्या घाईत उडवल्या जातात. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणारी डिरेक्टरी पूर्वी 'पीजी_एक्सलॉग' या नावाची होती. नावातला 'लॉग' पाहून ती साध्या लॉगची अडगळ आहे असे समजून लोक ती रिकामी करत आणि मग सर्व्हर सुरूच होत नसे. म्हणून २०१७ साली आलेल्या १० व्या आवृत्तीत तिचे नाव 'पीजी_वॉल' असे झाले.

तेव्हा डेटा डिरेक्टरीतली कोणतीही फाइल हाताने काढू नये. एरवी १६ एमबीची एक, अशा वॉल फाइलींचा, म्हणजे बदलांच्या या नोंदींचा, ढीग साचला असेल, तर तो कशामुळे साचला हे आधी पाहावे. बहुधा वॉल फाइली आर्काइव्ह करणारी, म्हणजे दुसरीकडे जपून ठेवणारी, कमांड अपयशी ठरत असते, नाहीतर केव्हाच बंद केलेल्या रेप्लिकाचा, म्हणजे डेटाबेसची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरचा, रेप्लिकेशन स्लॉट (त्याच्यासाठी वॉल फाइली राखून ठेवणारी नोंद) मागे राहिलेला असतो. 'पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स' या व्ह्यूमध्ये तो 'अॅक्टिव्ह' नसलेला दिसतो. तो रेप्लिका परत येणार नाही याची खात्री करून स्लॉट काढून टाकला, की त्याने अडवलेल्या फाइली चेकपॉइंटच्या वेळी, म्हणजे बदल मूळ डेटा फाइलींत उतरवून झाल्यावर, सर्व्हर स्वतःच आवरतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे बायनरी लॉगही, म्हणजे त्यातल्या बदलांच्या नोंदीही, 'पर्ज बायनरी लॉग्ज' या आदेशानेच काढाव्यात.

परवानग्यांबाबत एक गैरसमज फार रुजलेला आहे. लिनक्समध्ये फाइल काढण्याचा अधिकार त्या फाइलच्या नव्हे, तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या परवानगीवरून ठरतो; त्यामुळे फाइल केवळ वाचनीय करून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. डेटा डिरेक्टरी ७०० परवानगीची (फक्त मालकालाच सर्व अधिकार) आणि डेटाबेसच्या स्वतंत्र युजरच्या मालकीची असावी, आणि रोजच्या कामासाठी रूट हा सर्वाधिकारी युजर वापरू नये.

दुसरा धोका चुकीच्या सर्व्हरवर बसल्याचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरची डेटा डिरेक्टरी काढायला घेतली. कमांड थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरले होते. मुख्य सर्व्हरच्या प्रॉम्प्टचा (कमांड टाइप करतो त्या ओळीच्या सुरुवातीच्या मजकुराचा) रंग वेगळा ठेवावा, आणि डिरेक्टरी काढण्याऐवजी तिचे नाव बदलून एक-दोन दिवस थांबावे. हे नामांतर मला कोणत्याही परवानगीपेक्षा भरवशाचे वाटते.

डेटाबेसच्या डिस्कवर दोन-चार जीबीची एक रिकामटेकडी फाइल मुद्दाम ठेवावी. डिस्क भरलीच, तर ती काढून शांतपणे विचार करण्यापुरती जागा मिळते.

एवढे करूनही फाइल उडाली, तर सर्व्हर बंद करू नये. चालू प्रोग्रामने, म्हणजे प्रोसेसने, ती उघडी ठेवली असेल तोवर मजकूर डिस्कवरच असतो आणि 'प्रॉक' या लिनक्सच्या खास डिरेक्टरीमधील त्या प्रोसेसच्या 'एफडी' (उघड्या फाइलींच्या) डिरेक्टरीतून त्याची प्रत काढता येते. मात्र ती चालू सर्व्हरवर घेतलेली असल्याने सुसंगत असेलच असे नाही, म्हणून बॅकअप असल्यास आधी तोच वापरावा.