मोल्दोव्हाच्या तळघरात जाताना स्वेटर घ्या

पूर्व युरोपातल्या मोल्दोव्हाला वाइनसाठी जाणार असाल, तर भर जुलैतही एक स्वेटर आणि बंद बूट सोबत असू द्या. राजधानी किशिनाऊजवळची क्रिकोव्हा आणि मिलेश्ती मिच ही दोन्ही वाइनची तळघरं म्हणजे चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत. आत बाराही महिने १२ ते १४ अंश तापमान आणि चांगलीच दमट हवा. वाइन मुरायला उत्तम, पण अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून तासभर फिरणाऱ्याला हुडहुडी भरते.

क्रिकोव्हात विजेच्या छोट्या गाडीतून फिरवतात. तिथल्या बोगद्यांना रस्त्यांसारखी वाइनची नावंही दिली आहेत. मिलेश्ती मिचचे बोगदे तर सुमारे २०० किलोमीटरचे! तिथे आत कशातून फिरवणार, हे बुकिंग करतानाच विचारा. बुकिंग आधीच करा, नुसतं दारात जाऊन उभं राहू नका.

चव घेताना काबर्ने वगैरे नेहमीची वाइन बाजूला ठेवा, ती नाशिकलाही मिळते. तिथल्या ‘फेतेआस्का नेआग्रा’ या काळ्या द्राक्षांची वाइन मागा. आणि रिकाम्या पोटी जाऊ नका. शाकाहारी असाल तर तेही आधी कळवा. परतताना भारतात दोन लिटरपर्यंतच मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या.