एका गिटारीवर ओवी आणि राग: अल्बमची तयारी, तार लावण्यापासून रेकॉर्डिंगपर्यंत

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात चालींना तोटा नाही. जात्यावरच्या ओव्या आहेत, वारकऱ्यांची भजनं आहेत, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगतींची चौंडकं या तारवाद्यावरची गाणी आहेत, आणि शेजारच्या कन्नड घरात जात्यावरच म्हटली जाणारी तीन ओळींची त्रिपदी आहे. गिटारवाल्याचं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. चाल बोटांत बसते, पण तिच्याखाली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलायला लागलं की ओवीची ओवी राहत नाही. कॉर्ड बदलला की कानातला सा सरकतो, आणि ओवीत काय, रागात काय, सा जागचा हलत नाही. म्हणून या कामाची सुरुवात तारा लावण्यापासून करायची. कॉर्डचं पुस्तक बाजूला ठेवलं तरी चालेल.

आधी चालीचे सूर कागदावर

चाल गाणाऱ्या बाईकडून किंवा भजनी मंडळाकडून निदान तीन वेळा ऐका, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारा. मग हार्मोनियम घेऊन सा शोधा. ओळ जिथे थांबते तो सूर सा असेलच असं नाही. पुष्कळ ओव्या रे किंवा ग वर थांबतात आणि पुढच्या ओळीला सा वर येतात. सा सापडला की वापरलेले सूर लिहा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे न लागणारे सूर लिहा. ओवीचा आवाका बहुधा चार-पाच सुरांचा असतो, त्यामुळे हा कागद अर्ध्या तासात होतो.

आता राग. चालीला राग चिकटवायचा नाही, चालीत आहे तो ओळखायचा. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्यातल्या लोकधुनांमधून धुनउगम राग उभे केले, ते याच दिशेने. चालीत सा रे ग प ध एवढेच सूर असतील तर भूपाकडे पाहा. ग नसेल आणि सा रे म प नी असेल तर सारंग. सूर जुळले तरी चलन, म्हणजे सुरांची रागातली ठरलेली ये-जा, जुळतं का ते तपासा. भूपात ‘ग रे, सा ध’ ही उतरण हवी. ती चालीत कुठेच नसेल तर तो आलाप ओवीच्या शेजारी परका वाटेल. अशा वेळी रागाचं नाव सोडून द्या आणि चालीच्या सुरांतच आलाप करा. ते जास्त प्रामाणिक होतं.

तारा: मोकळ्या तारेत वर्ज्य सूर नको

गिटारीच्या मोकळ्या तारा न छेडताही गुंजत राहतात. त्यात रागाला वर्ज्य असलेला सूर असला तर कितीही नीट वाजवा, ऐकणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. तारा लावण्याच्या तीन पद्धतींत बहुतेक अल्बम बसतो; पुढे अशा पद्धतीलाच लावणी म्हटलं आहे. तिन्हींत सा म्हणजे डी, हार्मोनियमची पांढरी दोन.

पहिली लावणी जाड तारेकडून बारीक तारेकडे: डी, ए, डी, जी, ए, डी. सुरांत सा प सा म प सा. नेहमीच्या लावणीतून सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी एक पूर्ण सूर खाली आणली की झालं. ही लावणी इंग्लंडचे गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी 1960च्या दशकात रूढ केली. सारंग, दुर्गा, भैरवी यांना ती चालते, कारण त्यांत म आणि प दोन्ही आहेत.

भूपाला ती चालत नाही. भूपात म वर्ज्य, आणि इथे तिसरी तार सतत म बोलते. ती अर्धा सूर उतरवून एफ शार्प करा: सा प सा ग प सा.

मालकंसात प वर्ज्य. तिथे डी, जी, डी, जी, ए शार्प, डी अशी लावा: सा म सा म, कोमल ध, सा. पहिल्या तारेवर सूर मोकळी तार, 3, 5, 8, 10 आणि 12 या पडद्यांवर (फ्रेटवर) येतात.

भूपाच्या लावणीत एक बारकी गोष्ट आहे. ट्यूनरने लावलेला शुद्ध ग तानपुऱ्याच्या गापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. तानपुरा लावून तिसरी तार कानाने उतरवली की दोन सुरांच्या टकरीचे ठोके थांबतात आणि तार शांत होते; त्या वेळी ट्यूनरची सुई 14 सेंट खाली दिसेल, दिसू द्या. मात्र आता त्या तारेवरचा प्रत्येक पडदा तेवढाच उतरलेला आहे. पाचव्या पडद्यावरचा ध त्यामुळे उलट सुरेल होतो, कारण ध सुद्धा तेवढाच खाली हवा असतो. पण तिसऱ्या पडद्यावरचा प बेसूर लागतो. प नेहमी दुसऱ्या मोकळ्या तारेवर घ्या, आणि वरचा सा पहिल्या.

गाणाऱ्या बायकांच्या पट्टीत, म्हणजे काळी चारला जायचं असेल तर सहाव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चाप). कॅपो लावला की तारा थोड्या चढतात, पुन्हा लावून घ्या.

तारांचा संच 12 ते 53 चा घ्या (आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) फार असेल तर 11 ते 52 चा, पण मग अंगठ्याचा जोर कमी करावा लागतो, नाहीतर उतरवलेली जाड तार पडद्यांवर खडखडते.

मींड आणि अंगठा

गिटारीवर राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तारेवर कांडी सरकवली आणि मींडीचा प्रश्नच सोडवला. पडद्यावर बोटाने वाजवणाऱ्याला तार आडवी ताणावी लागते. बोट पडद्यांवरून सरकवलं तर प्रत्येक पडदा टिचकी मारतो, आणि मायक्रोफोन ती लपवत नाही.

वरून खाली येणारी मींड सर्वांत जास्त चुकते, आणि आपल्या गाण्यात तीच जास्त असते. रीत अशी: भूपात ग वरून रे वर यायचं तर पहिल्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर, म्हणजे रे वर, बोट ठेवा. तार न छेडता ग पर्यंत ताणा. मग छेडा आणि सावकाश सोडा. ताण किती द्यायचा हे बोटाला आधीच माहीत असावं लागतं, म्हणून ट्यूनर समोर ठेवून रोज वीस-वीस वेळा. मागे आणखी एक बोट आधाराला ठेवा. एकट्या बोटाने ताणलं की सूर थरथरतो. एका पूर्ण सुरापेक्षा मोठी मींड जाड संचावर करू नका. ती दोन तुकड्यांत घ्या.

चौंडक्याची तार ताण बदलून बोलते. तोच बोल गिटारीवर काढायचा तर पाचव्या तारेवर दुसऱ्या पडद्याला अंगठ्याने जोरात छेडा, लगेच तार ताणा आणि सोडा. तुणतुण्यासाठी चौथी तार तळहाताच्या कडेने घोडीजवळ (फळीवर तारा टेकतात तिथे) किंचित दाबा. दोन्ही गोष्टी एका तुकड्यात एकदा-दोनदाच शोभतात.

ठेका अंगठ्यात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत पहिल्या मात्रेला सहावी तार, तिसऱ्या आणि सातव्याला चौथी, पाचव्याला पाचवी. मालकंसात पाचव्या तारेवर म येतो, तेव्हा तिथेही हाच क्रम चालतो. बोटांनी चाल वाजवताना अंगठा चालीच्या मागे धावायला लागतो, ही सगळ्यांचीच खोड. त्यावर उपाय एकच: आठवडाभर नुसता अंगठा चालवत चाल तोंडाने म्हणा. त्रिपदी घेताना जास्त सांभाळा. तिसऱ्या ओळीनंतर श्वास पडतो, आणि तिथे सवयीने चौथी ओळ वाजवली की पद मोडतं.

हवा, खोली, मायक्रोफोन

जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर, कणकुंबीकडे गिटार ओल धरते: पुढची फळी फुगते, तारा पडद्यांपासून वर जातात, आवाज बसका होतो. अथणीच्या उन्हाळ्यात उलटं होतं. फळी बसते, तारा खडखडतात, पडद्यांची टोकं मानेबाहेर बोटाला टोचतात. पेटीत आर्द्रतामापक ठेवा आणि काटा 45 ते 55 टक्क्यांत राखा. पावसाळ्यात सिलिका जेल, उन्हाळ्यात ओला स्पंज छिद्रं पाडलेल्या डबीत. रेकॉर्डिंगला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. तेव्हा उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून रस्त्याने जातात हे खरं, त्यामुळे रात्री अकरानंतरच बसायचं. कौलारू घर असेल तर पावसात नावच काढू नका.

स्लॅबच्या खोलीत टाळी वाजवून पाहा. टणटण परत आली तर समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर जाड वाकळा टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. खोलीची घुमक पूर्ण मारू नका, गिटारीचा आवाज कोरडा होतो. पंखा आणि फ्रिज बंद, लॅपटॉप बॅटरीवर. चार्जर लावला की पुष्कळदा घरघर येते.

एकच कंडेन्सर मायक्रोफोन पुरतो. चौदाव्या पडद्यासमोर 25 सेंटीमीटरवर ठेवा, तोंड किंचित मानेकडे. भोकासमोर ठेवला तर मंद्र सूर घुमतात आणि नंतर ते काढताना अंगठ्याचा ठेकाही जातो. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. सर्वांत जोराचा ठोका उणे 12 ते उणे 10 डेसिबलवर राहील इतकीच पातळी. तारा आदल्या दिवशी बदला. एका लावणीतले सगळे तुकडे एकाच रात्री घ्या, आणि लावणी बदलली की वीस मिनिटं तारांना बसू द्या.

तानपुरा एका कानात, बंद हेडफोनमध्ये. अल्बममध्ये तो घालू नये असं आमचं मत आहे: नीट लावलेल्या मोकळ्या तारा तेच काम करतात, आणि एकट्या गिटारीचा अल्बम एकट्या गिटारीचाच राहतो. तरीही हवाच असेल तर यंत्राचा घेऊ नका. मिरज जवळ आहे, तिथल्या कारागिराकडून जवारी काढलेला (घोडी घासून झंकार बसवलेला) खरा तानपुरा आणा.

आठ तुकडे, 36 ते 40 मिनिटं, एवढं पुरे. सलग दोन तुकडे एकाच लावणीत ठेवा, तिसऱ्याला बदला.

हक्क आणि नावं

पारंपरिक ओवीवर कुणाचा कॉपीराइट नाही. अभंगाचं मात्र जपून: शब्द संतांचे असले तरी कानावर असलेली चाल एखाद्या अलीकडच्या संगीतकाराची असू शकते, आणि तिचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. गावात चालणारी चाल घ्या, किंवा परवाना घ्या. जिच्याकडून ओवी घेतली तिचं नाव आणि गाव छापायचं का, हे तिला विचारा. हो म्हणाली तर ती सांगेल तसं, मराठीत आणि हवं तर कन्नडातही, त्याच तुकड्याच्या नावाखाली छापा.