फाउंडेशन इंजिनिअरिंगचा अभ्यास करताना या चुका टाळा

सॉइल मेकॅनिक्सचा (मातीच्या गुणधर्मांचा) विषय उत्तीर्ण झाला की त्याची वही माळ्यावर टाकायची आणि फाउंडेशन इंजिनिअरिंगला (इमारतींच्या पायांच्या अभ्यासाला) सूत्रांच्या यादीपासून सुरुवात करायची, ही या विषयातील बहुतेक गोंधळांची मुळातली चूक आहे. सूत्र पाठ असते, परंतु त्यातील अक्षर जमिनीतील नेमक्या कोणत्या गोष्टीसाठी आले आहे, हे निसटलेले असते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण कन्सॉलिडेशनमधील, म्हणजे भाराखाली चिकणमातीतील पाणी हळूहळू निघून ती दबण्याच्या क्रियेतील, ‘एच’ हे अक्षर होय. वाळूच्या दोन थरांमध्ये ६ मीटर जाडीचा चिकणमातीचा थर आहे, असे समजा. थर एकूण किती खचेल हे काढताना पूर्ण ६ मीटर जाडी घ्यावी लागते, कारण सगळाच थर दबणार असतो; मात्र खचण्यास किती काळ लागेल हे काढताना ३ मीटर घ्यावे लागतात, कारण पाणी वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि त्याला जास्तीत जास्त निम्मेच अंतर कापावे लागते. कालावधी या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून तुमचा कालावधी अपेक्षित उत्तराच्या चौपट आला, तर निचऱ्याच्या मार्गाऐवजी पूर्ण जाडी घेतली गेली आहे का, हे प्रथम पाहावे. आणि सेटलमेंट (एकूण खचणे) निम्मे आले, तर नेमकी उलट चूक झालेली असण्याची शक्यता मोठी आहे.

बेअरिंग कपॅसिटीच्या (जमिनीच्या भार पेलण्याच्या क्षमतेच्या) गणितात ग्रॉस (एकूण) आणि नेट (खोदलेल्या मातीचे वजन वजा केलेली) क्षमता यांची सरमिसळ होते. अंतिम क्षमता, म्हणजे ज्या भाराला माती ढळते ती, दर चौरस मीटरला ६०० किलोन्यूटन, पायाची खोली २ मीटर आणि मातीचे एकक वजन दर घनमीटरला १८ किलोन्यूटन असेल, तर खोदून काढलेल्या मातीचे ३६ वजा करून उरलेल्या ५६४ ला ३ या सुरक्षा गुणांकाने भागावे, म्हणजे नेट सुरक्षित क्षमता १८८ येते. ६०० ला थेट भागून आलेले २०० हे नेट म्हणून लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. त्याचबरोबर बेअरिंग कपॅसिटीच्या वेगवेगळ्या अभियंत्यांनी दिलेल्या गुणांकांचे तक्तेही एकमेकांत मिसळू नयेत: घर्षणकोन (मातीच्या कणांमधील घर्षण दाखवणारा कोन) ३० अंश असताना टर्झागीचा ‘एन-क्यू’ (पायाच्या खोलीच्या पदातील गुणांक) २२.५ आहे, तर मेयरहॉफचा १८.४. एकाचा गुणांक आणि दुसऱ्याचे आकारगुणक (पायाच्या आकारानुसार लावायचे गुणक) घेतल्यास येणारे उत्तर दोघांपैकी कोणाचेच नसते.

भूजल पातळी पायाच्या तळाशी असेल, तर बेअरिंग कपॅसिटीच्या सूत्रातील रुंदीच्या पदात बुडीत एकक वजन (पाण्याची उचल वजा केलेले) घ्यावे. ते संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीच्या) वजनाच्या साधारण निम्मे असते. वाळूत हे विसरल्यास मोठा फरक पडतो.

प्लेट लोड टेस्टवर (लहान प्लेटवर भार देऊन जमीन किती खचते ते पाहणाऱ्या चाचणीवर) मात्र अधिक थांबायला हवे, कारण येथे आकडेमोड बिनचूक असूनही निष्कर्ष चुकू शकतो. भाराचा लक्षणीय परिणाम पायाच्या रुंदीच्या सुमारे दुप्पट खोलीपर्यंत पोहोचतो; म्हणजे ३० सेंटिमीटरची प्लेट वरच्या ६० सेंटिमीटर मातीचीच चौकशी करते, तर ३ मीटर रुंदीचा पाया ६ मीटरपर्यंतच्या मातीला कामाला लावतो. मधे मऊ थर असल्यास प्लेटला त्याचा पत्ताही लागत नाही. असा खोलवरचा मऊ थर काय करू शकतो ते पाहा: कॅनडातील विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथील धान्यकोठार ऑक्टोबर १९१३ मध्ये धान्य भरत असताना सुमारे २७ अंशांनी कलले. त्याच्या राफ्टखाली (पूर्ण तळभर पसरलेल्या सलग पायाखाली), वरच्या कठीण चिकणमातीच्या तळाशी, मऊ चिकणमाती होती. कोठार मात्र जवळपास अखंड राहिले आणि पुढे सरळ करून वापरातही आले, म्हणजे वरच्या बांधकामात उणीव नव्हती. त्यामुळे प्लेट टेस्टचे उदाहरण सोडवताना शेजारी बोअरलॉगचे (जमिनीत छिद्र घेऊन केलेल्या थरांच्या नोंदीचे) रेखाचित्र काढावे, त्यावर पायाच्या रुंदीच्या दुप्पट खोलीवर रेघ मारावी, आणि त्या रेघेच्या वर कोणकोणते थर येतात ते पाहूनच चाचणीचा आकडा उचलावा.