ऑनलाइन वर्गातली जोडीदारीण ऐनवेळी गायब होत असेल तर

शाळेत एखाद्या बाई आल्या नाहीत तर सगळ्या मजल्याला कळतं. वर्गात गोंगाट होतो, शिपाई येऊन डोकावतो, मुख्याध्यापक बदली तास लावतात. ऑनलाइन शिकवताना असं काही होत नाही. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या घरी बसलेली, जोडीदारीण मांजलपूरला तिच्या घरी, मुलं न्यू जर्सीत आणि संयोजक आणखी तिसऱ्याच गावी. तपासायची राहिलेली वही फक्त त्या मुलाला दिसते, आणि फार तर त्याच्या आईला.

अमेरिकेतल्या मुलांना मी शनिवार-रविवारी मराठी शिकवते. एका वर्गाला दोघी असतो. एक वाचन आणि बोलणं घेते, दुसरी लेखन आणि वह्या. आजवर जोडीला आलेल्या बहुतेक जणी चोख होत्या. काहींनी मात्र नाकी नऊ आणले, आणि पुढची पद्धत त्यातूनच बसली.

सर्वांत आधी घड्याळ तपासा, माणसाचा विचार नंतर. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यू जर्सीतला सकाळी दहाचा वर्ग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतो, हिवाळ्यात साडेआठला. बदल रविवारी पहाटेच होतो, म्हणजे शनिवारचा वर्ग जुन्या वेळेला आणि दुसऱ्याच दिवशीचा नव्या. मार्चमधल्या त्या रविवारी नवीन शिक्षिका हमखास चुकते: ती साडेआठला हजर होते तेव्हा मुलं जायला निघालेली असतात. लंडनची मुलं असतील तर तारखा वेगळ्या, मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. अ‍ॅरिझोनात बहुतेक ठिकाणी घड्याळ हलवतच नाहीत, त्यामुळे तिथल्या मुलाच्या घरी वर्गाची वेळ बदलते आणि त्याची आई आपल्याला विचारते. यावर उपाय सोपा आहे. गुगल कॅलेंडरमध्ये वर्गाची नोंद करताना टाइम झोन न्यूयॉर्कचा निवडा आणि जोडीदारणीला आमंत्रण पाठवा. मग तिच्या फोनवर वेळ आपोआप बदलते, तोंडी आठवण करत बसावं लागत नाही. एवढं केल्यावरही ती चुकली तर पुढचं वाचा.

आता आपलं वडोदरं. इथे काही गैरहजेऱ्या पंचांगात आधीच छापलेल्या असतात. नवरात्रात शनिवारी संध्याकाळी साडेसातला वर्ग म्हणजे गरब्याला निघायची वेळ, आणि नऊ रात्रींत शनिवार-रविवार येणारच. विसर्जनाच्या दिवशी मांडवीकडचे रस्ते मिरवणुकांनी भरतात, अडकलेला माणूस घरी कधी पोचेल सांगता येत नाही. चौदा आणि पंधरा जानेवारीला, उत्तरायण (म्हणजे संक्रांत, पतंगांचा सण) आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणला, दिवसभर गच्चीवर स्पीकर. माणूस हजर असला तरी त्याचा आवाज मुलांपर्यंत जात नाही. अशा दिवशी ‘येते ना?’ असं विचारायचं नाही. भिडेखातर कोणीही ‘हो’ म्हणतं आणि ऐनवेळी दांडी मारतं. जूनमध्ये वेळापत्रक हातात येतं तेव्हाच दोघींनी बसून हे दिवस वाटून घ्यायचे: अष्टमी तुझी, उत्तरायण माझं. सुट्टी आधी ठरली की तिला दांडी म्हणत नाहीत.

खरं दुखणं असतं कामाच्या वाटणीत. ‘आपण दोघी मिळून बघू’ हे वाक्य वर्ग सुरू व्हायच्या आधीच मोडीत काढा. दोघींचं काम म्हणजे कोणाचंच नाही. एका मुलाने ‘दूध’ऐवजी ‘दुध’ लिहिलेल्या वहीचा फोटो टाकला. मला वाटलं ती बघेल, तिला वाटलं मी बघितलं. पुढच्या फोटोत ‘दुध’, त्याच्या पुढच्यातही ‘दुध’, आणि एव्हाना ते इतकं पक्कं बसलं होतं की मी सांगितल्यावर तो माझ्याकडेच संशयाने बघायला लागला. तेव्हापासून प्रत्येक वहीसमोर एकीचंच नाव असतं. गुगल शीटमध्ये चार रकाने पुरतात: मुलाचं नाव, कोण तपासणार, कधीपर्यंत, झालं का. कोणी कधी भरलं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं, त्यामुळे ‘मी केलं होतं’ यावर वाद होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा मात्र मोजू नका. मेसेज वाचला म्हणजे काम केलं असं नाही, आणि पाळत ठेवतोय हे समोरच्याला लगेच कळतं.

वर्गाच्या आदल्या दिवशी मी एकच मेसेज टाकते: ‘उद्या आपल्या साडेसातला. वाचन मी, वह्या तू. जमणार नसेल तर दुपारी चारच्या आत फोन कर, मेसेज नको.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मेसेज टाकून हात झटकणं सोपं असतं. फोनवर माझ्यासारख्या काकूंना ‘येत नाही’ म्हणायला जीभ जड होते.

दुसरी तयारी वर्ग तिच्याशिवाय उभा राहावा याची. झूमचं विकतचं खातं तिच्या नावावर असेल आणि ती आलीच नाही, तर मुलं दाराबाहेर. सेटिंगमध्ये होस्टच्या आधी आत येण्याची परवानगी चालू करून घ्या आणि तिच्याकडून सहा आकडी होस्ट की आधीच मागून ठेवा, म्हणजे वर्गाचा ताबा तुम्हाला घेता येतो. घरातल्या दुसऱ्या फोनवरून एकदा करून बघा. वेटिंग रूम (होस्टने आत घेईपर्यंत थांबायची जागा) चालू असली की गणित बदलतं. फुकटचं खातं असेल तर चाळीस मिनिटांनी सगळ्यांची बोळवण होते, हे पालकांना आधीच सांगा. तिच्या वाट्याच्या लेखनाचा एक सोपा पाठ मी कायम तयार ठेवते, चित्र बघून पाच वाक्यं लिहा असा.

तरीही गाडी रुळावर येत नसेल तर बोलायला हवं, आणि इथेच आपण मराठी माणसं अडतो. वडोदऱ्यात मराठी मंडळी इतकी एकमेकांत गुंतलेली की जोडीदारीण ही कोणाची तरी सून, कोणाच्या तरी भिशीतली. भीड भिकेची बहीण, हे खरंच. पण ग्रुपवर टोमणा मारण्यापेक्षा फोन बरा. वयाने लहान असेल तर ‘अगं, शनिवारच्या वह्या राहिल्या, दोन मुलींच्या आयांनी विचारलं, काय अडचण झाली?’ मोठी असेल तर ‘अहो ताई’ म्हणून तेच वाक्य. तारीख आणि काम सांगा, स्वभावावर जाऊ नका. ‘तू नेहमीच असं करतेस’ म्हटलं की पुढचा अर्धा तास ‘नेहमी’वर भांडण्यात जातो. विचारून झालं की गप्प बसा. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या शांततेत बाहेर येते: घरात लॅपटॉप एकच आणि मुलाची परीक्षा, नवऱ्याची रिफायनरीत पाळी, हिवाळ्यात साडेआठ म्हणजे नेमकी सगळ्यांना जेवायला वाढायची वेळ. अशा बाईला थेट वर्गातून मोकळं करा आणि वह्या सोमवारी दुपारी तपासायला द्या. एका जोडीदारणीचं यानेच सुरळीत झालं. वर्गात कायम उशिरा येणारी, पण तिच्यासारख्या वह्या मी कोणाच्या पाहिल्या नाहीत.

आणि जी फक्त वेळ मारून नेते तिचं? पहिल्यांदा तिचं काम करून टाका. दुसऱ्यांदा करा, पण तिला सांगा की केलं. तिसऱ्यांदा करू नका. वर्ग थांबवायचा नाही, मुलांचा त्यात काय दोष. पण वह्या राहू द्या आणि पालकांना सरळ कळवा, ‘या आठवड्यात वह्या तपासल्या जाणार नाहीत, पुढच्या रविवारी मिळतील.’ कोणामुळे, ते लिहायचं नाही. गुपचूप तिचं ओझं वाहत राहिलात तर संयोजकांच्या लेखी तुमची जोडी उत्तम चालली आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत आलं नाही तर पालकांना दंड होता. शिक्षकाच्या जोडीदाराला दंड करायची सोय आपल्याला कोणी करून ठेवलेली नाही, म्हणून हे असं करावं लागतं.

संयोजकांकडे जाताना शीट पाठवा आणि मुलांचं काय राहिलं तेवढं सांगा: अमुक चार मुलांचं जोडाक्षरांचं लेखन महिनाभर मागे आहे. त्यासोबत मागणीही हवी, बदली शिक्षिका किंवा माझे तास वाढवून त्याचं मानधन. जाण्याआधी तिला कळवा की मी जाते आहे. नाहीतर पुढच्या हळदीकुंकवाला दोघींची पंचाईत.

ती जायची ठरली तर निरोपाच्या आधीच फाइल्स ताब्यात घ्या. गुगल ड्राइव्हमध्ये मालकी तिच्याकडूनच हस्तांतरित व्हावी लागते आणि तुम्ही ती स्वीकारावी लागते, नुसती शेअर केलेली फाइल तिने पुसली तर गेली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद, झूमची लिंक आणि मुलांच्या जन्मतारखांची यादी, ही तीन मागायला विसरू नका.